दुपारी एक वाजता: ओझं वाटून घेणाऱ्या सर्व्हरांचा इतिहास

इअरफोन नीट लावा, कारण आजचा भाग अशा एका दुपारपासून सुरू होतोय, जी तुमच्यापैकी कित्येकांनी स्वतः बघितली आहे.

१६ जुलै २०२१, शुक्रवार. दुपारी एक वाजता दहावीचा निकाल. कोरोनामुळे त्या वर्षी लेखी परीक्षा झालीच नव्हती, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लावलेला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के, म्हणजे पास-नापासाची धाकधूक जवळपास नाहीच. तरीपण एक वाजायच्या आधीच घरोघरी सगळे एका मोबाइलभोवती गोळा झाले. सीट नंबर टाकला, आईचं नाव टाकलं, बटण दाबलं. आणि मग ते गोल फिरणारं चक्र. रिफ्रेश. परत चक्र. निकालाच्या साइट बसल्या होत्या. कित्येकांना संध्याकाळपर्यंत स्वतःचे मार्क दिसले नाहीत.

त्या दिवशी कोणाचं काय चुकलं, यावर तेव्हा भरपूर बोलून झालं. मी सॉफ्टवेअरवाला, मला वेगळाच प्रश्न पडतो. लाखो माणसं एकाच मिनिटाला एकाच दारावर आली तर काय करायचं, हा प्रश्न जगाला पहिल्यांदा कधी पडला? आणि त्याचं उत्तर आज माझ्यासारखा कोल्हापुरात बसलेला साधा पोरगा लिनक्सच्या दोन-तीन मशीनवर फुकटात उभं करू शकतो, इथपर्यंत आपण आलो कसे? या उत्तराला म्हणतात लोड बॅलन्सिंग. सरळ मराठीत, ओझं वाटून घेणं.

आधी थोडा हिशेब

त्या वर्षी दहावीला पोरं होती साधारण पावणेसोळा लाख. समजा प्रत्येकाने फक्त एकदाच बटण दाबलं, आणि सगळ्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दाबलं. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद. भागाकार करा, सेकंदाला सव्वापाच हजारांच्या आसपास लोक. एका माणसाला उत्तर द्यायला सर्व्हरला दोन सेकंद लागत असतील, तर कुठल्याही क्षणी साडेदहा हजार लोक आत ताटकळत उभे. आणि एकदाच बटण दाबून गप्प बसणारा माणूस तुम्ही कधी बघितलाय का? चक्र फिरायला लागलं की आपण रिफ्रेश मारतो. म्हणजे सर्व्हर जितका हळू, तितकी गर्दी जास्त. हा साडेदहा हजारांचा आकडा डोक्यात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

यात एक गंमत आहे. गुणपत्रिका शाळेत वाटली जाते ना, ती पद्धत म्हणजे पक्कं लोड बॅलन्सिंग. मंडळ पुण्यात, त्याखाली नऊ विभाग, त्यातला एक आपला कोल्हापूर विभाग, म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा. त्याखाली शाळा, शाळेत वर्गशिक्षक, आणि एका वर्गशिक्षकापुढे पन्नास-साठ पोरं. पुण्याच्या दारात कधीच कोणी रांग लावली नाही. निकाल ऑनलाइन आला, तशी ती सगळी उतरंड गेली आणि सगळे एकाच दारावर आले. ओझं वाटायची जुनी सोय गेली, नवी आपल्याला बांधावी लागली.

सुरुवात टेलिफोनपासून

हा प्रश्न इंटरनेटच्या आधीचा आहे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ मध्ये. तेव्हा फोन उचलला की पलीकडे ऑपरेटर. तो विचारणार कोण पाहिजे, आणि हाताने वायर जोडून देणार. म्हणजे आलेलं काम बघायचं, मोकळी लाइन शोधायची, तिकडे जोडायचं. लोड बॅलन्सर आज हेच करतो.

पण लाइनी किती टाकायच्या? कमी टाकल्या तर लोक खोळंबणार, जास्त टाकल्या तर तांबं फुकट. याचं गणित मांडलं डेन्मार्कच्या आग्नर एर्लांग या माणसाने. तो कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होता, आणि १९०९ मध्ये त्याने यावरचा पहिला निबंध छापला. त्या गणितातून निघणारी एक गोष्ट आपण रोज बघतो. बँकेत पाच खिडक्या आहेत. प्रत्येक खिडकीला वेगळी रांग केली, तर तुमच्या पुढचा माणूस चिल्लर मोजत बसला की तुमची रांग अडकली, शेजारची खिडकी मोकळी असली तरी. टोकन पद्धतीत एकच रांग, आणि जी खिडकी मोकळी होईल तिथे पुढचा माणूस. खिडक्या तेवढ्याच, क्लार्क तेच, पण वाट बघणं कमी.

१९९४: गोल गोल वाटप

आता वेबकडे येऊ. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात एनसीएसए नावाचं सुपरकॉम्प्युटिंगचं केंद्र आहे. तिथून १९९३ मध्ये मोझॅक हा ब्राउझर निघाला. चित्रं आणि मजकूर एकाच पानावर दाखवणारा, साध्या माणसाला झेपणारा. तो इतका चालला की केंद्राच्या स्वतःच्या वेबसाइटवर गर्दी मावेना. मोठं मशीन आणलं तरी ते पण काही महिन्यांत भरणार, हे दिसत होतं.

मग १९९४ मध्ये त्यांनी वेगळा मार्ग काढला. एकाऐवजी अनेक मशीन, सगळ्यांवर तीच पानं, आणि नाव मात्र एकच. तुम्ही ते नाव टाइप केलं की डीएनएस, म्हणजे इंटरनेटची फोन डिरेक्टरी, पहिल्या माणसाला पहिल्या मशीनचा पत्ता देणार, दुसऱ्याला दुसऱ्याचा, तिसऱ्याला तिसऱ्याचा, मग परत पहिल्यापासून. याला म्हणतात राउंड रॉबिन. पत्ते पिसायचे आणि गोलात एकेक वाटत जायचं, तसं.

लय सोपी युक्ती, आणि बऱ्यापैकी चालली. पण तिच्यात एक मोठं भोक होतं. एक मशीन बंद पडलं तरी डिरेक्टरी त्याचा पत्ता देतच राहते. शिवाय एकदा दिलेला पत्ता लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये आणि इंटरनेट कंपनीकडे साठवून ठेवलेला असतो. तुम्ही डिरेक्टरी बदलली तरी लोक जुन्याच दारावर धडका मारणार. तीन मशीनपैकी एक गेलं की तीनपैकी एका माणसाला ते चक्र.

इथून पुढच्या सगळ्या इतिहासात तीनच प्रश्न आहेत. वाटणारा कोण? कोण आजारी आहे, हे वाटणाऱ्याला कसं कळणार? आणि तिसरा, जो मला स्वतःला महागात पडला: आठवण कुठे ठेवायची? तिसऱ्यावर नंतर येतो.

महागड्या पेट्या आणि फुकटचा लिनक्स

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर आधी बाजारात आलं ते लोखंडी पेटीच्या रूपात. १९९६ मध्ये सिस्कोचं लोकल डायरेक्टर, १९९७ मध्ये एफ फाइव्ह कंपनीचं बिग आयपी. ही पेटी सर्व्हरांच्या पुढे उभी राहते. जगाला फक्त पेटीचा पत्ता माहीत. ती दर काही सेकंदांनी मागच्या मशीनना हाक मारते, ‘आहेस का रे?’ जो ओ देत नाही, त्याच्याकडे गिऱ्हाईक पाठवायचं बंद. याला म्हणतात हेल्थ चेक. काम चोख, पण किंमत अशी की छोट्या कंपनीने नुसती चौकशी करून परत यावं.

आणि इथे लिनक्स येतो. मे १९९८ मध्ये चीनमधल्या वेनसाँग झांग या तरुणाने लिनक्स व्हर्च्युअल सर्व्हर नावाचा प्रोजेक्ट सुरू केला. जे काम ती महागडी पेटी करते, ते साध्या पीसीवर लिनक्सच्या कर्नलमध्येच करायचं. त्यातली एक पद्धत मला फार आवडते. आलेली मागणी वाटणारा पुढे ढकलतो, पण उत्तर त्याच्याकडून परत जात नाही, मागचा सर्व्हर ते थेट माणसाला पाठवतो. मागणी असते चार ओळींची, उत्तर असतं अख्ख्या पानाचं. म्हणजे जड काम वाटणाऱ्याच्या डोक्यावर येतच नाही. हे सॉफ्टवेअर पुढे लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये घेतलं गेलं.

२००१ मध्ये फ्रान्सच्या विली तारो याने एचए प्रॉक्सी आणलं. नावातल्या एचएचा अर्थ हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे कायम हजर. हे आजही जगभर चालतं.

दरम्यान १९९९ मध्ये डॅन केगेल नावाच्या इंजिनिअरने एक प्रश्न लिहून ठेवला होता: एका मशीनने एकाच वेळी दहा हजार लोकांना का सांभाळू नये? हार्डवेअरला तर ते झेपायला पाहिजे. आठवला का आपला साडेदहा हजारांचा आकडा? तेव्हाचा लोकप्रिय अपाचे सर्व्हर प्रत्येक माणसामागे एक वेगळी प्रोसेस लावायचा. म्हणजे हॉटेलात प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक वेटर, आणि मिसळ येईपर्यंत तो तिथेच उभा. दहा हजार गिऱ्हाइकांना दहा हजार वेटर? मेमरी संपणारच.

रशियात रॅम्बलर या कंपनीत काम करणाऱ्या इगोर सिसोएवने यावर २००२ च्या सुमारास काम सुरू केलं आणि ऑक्टोबर २००४ मध्ये इंजिनएक्स सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याच्याकडे मोजकेच वेटर. ऑर्डर घेतली, आत दिली, पुढच्या टेबलावर गेला, जिथलं ताट तयार तिथे वाढलं. उभं राहून वाट बघायची नाही. त्यामुळे गर्दीला पुढून तोंड देणं आणि मागच्या मशीनवर काम वाटणं, या दोन्हीला ते सोयीचं पडलं.

आता आपल्यासारख्याला हे उभं करायला काय लागतं? एक लिनक्स मशीन, त्यावर इंजिनएक्स. त्याच्या फाइलमध्ये एक अपस्ट्रीम नावाचा गट लिहायचा आणि त्यात मागच्या दोन-तीन सर्व्हरचे पत्ते. आलेली मागणी या गटाकडे पाठव, असं एका ओळीत सांगायचं. झालं. काहीच सांगितलं नाही तर ते राउंड रॉबिनच करतं, १९९४ वालं. ‘लीस्ट कनेक्शन’ सांगितलं तर ज्याच्याकडे सगळ्यांत कमी लोक चालू आहेत त्याला काम देतं, आपली बँकेतली मोकळी खिडकी. एखादा सर्व्हर उत्तर देईना झाला, तर ते त्याला दहा सेकंद बाजूला ठेवतं आणि मग परत संधी देतं. हे आकडे तुम्हाला बदलता येतात.

आणि वाटणाराच मेला तर? वाटणारे पण दोन ठेवायचे. कीपअलाइव्हड नावाचं सॉफ्टवेअर दोघांमध्ये एकच सामाईक पत्ता ठेवतं. पहिला गप्प झाला की दुसरा तो पत्ता स्वतःकडे घेतो. बाहेरच्याला कळत पण नाही.

माझी चूक

आता तिसरा प्रश्न. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही.

बीटेक करून नोकरीला लागून मला वर्ष पण झालं नव्हतं. एका संस्थेच्या प्रवेश अर्जाचं काम आमच्याकडे होतं. संस्थेचं नाव महत्त्वाचं नाही, चूक माझी होती. शेवटच्या तारखेच्या आधी एकच सर्व्हर धापा टाकायला लागला. मी म्हटलं, मी आहे ना. रात्री बसून दोन सर्व्हर आणखी जोडले, पुढे इंजिनएक्स, राउंड रॉबिन. स्वतः टेस्ट केलं, पान भराभर उघडलं. खुशीत रंकाळ्यावर चहा पिऊन आलो.

सकाळपासून फोन. फॉर्म भरता भरता लोकांना परत लॉगिन विचारत होता. एक मुलगी तालुक्याच्या गावातून बोलत होती. म्हणाली, ‘सर, मी चार वेळा भरला. रेंज पण नीट नाही इथे. आज शेवटची तारीख आहे ना?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झालं असं होतं. तुम्ही लॉगिन केलं की सर्व्हर ते लक्षात ठेवतो, त्याला सेशन म्हणतात. ती आठवण होती पहिल्या सर्व्हरच्या मेमरीत. तिचं पुढचं पान गेलं दुसऱ्याकडे. दुसरा म्हणाला, तुम्ही कोण? एकच सर्व्हर होता तेव्हा हा प्रश्न आलाच नव्हता. मी ओझं वाटलं, आठवण वाटायला विसरलो.

घाईत मी दुसरा उपाय केला, आयपी हॅश. म्हणजे माणसाचा इंटरनेटवरचा पत्ता बघून त्याला कायम त्याच सर्व्हरकडे पाठवायचं. तासाभरात एक सर्व्हर परत धापा टाकायला लागला आणि बाकीचे दोन निवांत. कारण मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्याच पत्त्यांमागून बाहेर सोडतात. माझ्या सर्व्हरला ते सगळे एकाच घरातले वाटत होते. आणि कोणी वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलं, की पत्ता बदलून परत लॉगआउट.

शेवटी माझ्या सिनिअरने शांतपणे सांगितलं ते केलं. सेशन सर्व्हरांच्या मेमरीतून काढून रेडिसमध्ये ठेवलं, म्हणजे तिन्ही सर्व्हरना दिसेल अशा एका सामाईक जागी. आता माणूस कुठल्याही दाराने आला तरी ओळखला जातो. तारीख एक दिवस वाढवून मागितली, ती मिळाली. त्या मुलीला मी स्वतः फोन करून सांगितलं. तिचा अर्ज गेला. पण तिने चार वेळा भरलेला तो फॉर्म अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आपण ‘सेशन गेलं’ म्हणतो, पण तिकडे कोणाचा तरी डेटा पॅक आणि अर्धा दिवस गेलेला असतो.

धोनी रनआउट झाला तेव्हा

आता माझ्या तीन मशीनवरून थेट मोठ्या मैदानात जाऊ. १० जुलै २०१९, मँचेस्टर, वर्ल्ड कपची सेमीफायनल, भारत विरुद्ध न्यूझीलंड. धोनी क्रीजवर. मुंबईत मुख्यालय असलेल्या हॉटस्टारवर या मॅचला एकाच वेळी २ कोटी ५३ लाख लोक होते, तेव्हाचा जागतिक विक्रम. आणि गप्टिलचा थ्रो थेट स्टंपवर.

तुम्ही काय केलं? मी बॅक दाबलं. सगळ्यांनीच दाबलं. हॉटस्टारच्या इंजिनिअरांनी नंतर जाहीर भाषणांत सांगितलंय की त्यांना खरी भीती याचीच असते. मॅच बघताना व्हिडिओ ठिकठिकाणच्या साठवणीच्या सर्व्हरवरून येतो. पण बॅक दाबलं की होमपेज उघडतं, आणि ‘तुमच्यासाठी खास’ वगैरे दाखवायला मूळ सर्व्हरना काम लागतं. लोक निघून जाताना काही क्षणांत सगळं ओझं भलत्याच दारावर येतं.

त्यांची तयारी बघा. गर्दी वाढली की मग मशीन वाढवू, असं त्यांनी केलं नाही, कारण नवं मशीन उभं राहायला वेळ लागतो आणि विकेट पडायला सेकंद. मशीन आधीच जास्तीची तयार. आणि फारच ताण आला तर शिफारशीसारख्या चैनीच्या गोष्टी बंद करायच्या, मॅच मात्र चालू ठेवायची. नुसतं वाटप पुरत नाही, काय सोडून द्यायचं हे पण आधी ठरवावं लागतं.

३९ फूट आणि ४३ फूट

आपल्या कोल्हापूरकरांना हे कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात आपण सकाळी उठून पहिलं काय बघतो? राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. दोन आकडे का ठेवलेत? मधल्या चार फुटांत माणसं, जनावरं हलवायला वेळ मिळावा म्हणून. ४३ ला जागं होऊन उपयोग नसतो.

आणि वर राधानगरी. शाहू महाराजांनी सुरू केलेलं ते धरण, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की पाण्याच्याच जोराने दरवाजा उघडतो, एकेका दरवाजातून १४२८ क्युसेक. रात्री दोन वाजता कोणी बटण दाबायला लागत नाही. हेल्थ चेक लिहिताना मला नेहमी ते दरवाजे आठवतात. फक्त एक लक्षात ठेवा. सोडलेलं पाणी कुठेतरी जातंच, ते खाली पंचगंगेला येतं. तसंच पुढचे सर्व्हर तीनाचे तीस केले आणि मागे डेटाबेस एकच ठेवला, तर पूर त्याच्या दारात.

म्हणून निकालाच्या दिवसाचा शेवटचा हिशेब करू. निकाल एकदा लागला की दिवसभर बदलत नाही. एका पोराच्या निकालाचं पान समजा ५ केबी. पावणेसोळा लाख पानं म्हणजे साधारण ८ जीबी. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये मावेल एवढं. ही पानं आधीच तयार करून अनेक मशीनवर ठेवली, तर डेटाबेसला त्रास द्यायची गरजच नाही. गेल्या काही वर्षांत निकाल एकाऐवजी अनेक साइटवर आणि डिजिलॉकरवर पण मिळतो, ते याच दिशेचं पाऊल आहे. त्या जुन्या शाळाशाळांतल्या वाटपासारखंच.

जाता जाता एक गृहपाठ. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, तीन छोटे सर्व्हर चालू करा, पुढे इंजिनएक्स लावा. पान उघडत राहा आणि मधेच एक सर्व्हर बंद करा. पान तरीही उघडलं, तर अर्धं जमलं. मग लॉगिन करा आणि परत एक बंद करा. तरीही लॉगिन टिकलं, तर पूर्ण जमलं. हे दुसरं टेस्ट मी त्या रात्री केलं असतं, तर एका मुलीने फॉर्म एकदाच भरला असता.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि चक्र फिरत असेल तर दर सेकंदाला रिफ्रेश मारू नका राव!